बोटीच्या यंत्रातील प्रज्वलन व प्रभारण व्यवस्था : शिवसागर जलाशयाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

कोयना धरणामुळे निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयाच्या काठावरील अनेक गावांसाठी यंत्रावर चालणारी बोट हे दळणवळणाचे महत्त्वाचे साधन आहे. बोटीच्या यंत्रातील विद्युत भाग आकाराने लहान असले तरी ते बंद पडल्यास बोट पाण्याच्या मध्यभागी निराधार होते. प्रस्तुत लेखात ठिणगी निर्माण करणारी प्रज्वलन व्यवस्था आणि बॅटरीत विद्युत ऊर्जा साठविणारी प्रभारण म्हणजेच चार्जिंगची व्यवस्था यांचे कार्य स्पष्ट केले आहे. या दोन्ही व्यवस्था एकाच फिरत्या चुंबकापासून शक्ती घेऊ शकतात, तथापि त्यांचे बॅटरीवरील अवलंबित्व सारखे नसते. हा भेद लक्षात घेतल्यास बिघाडाचे निदान सुलभ होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विद्युत चुंबकीय प्रवर्तन, मॅग्नेटो, धारित्र, एकदिशकारक, बॅटरी, शिवसागर जलाशय.

प्रस्तावना :

पाटण तालुक्याचे नाव घेताच कोयना प्रकल्पाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या धरणामागे शिवसागर हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्याची साठवण क्षमता आज सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट इतकी मानली जाते. या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांवाटे पश्चिमेकडे नेऊन वीज निर्माण केली जाते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक विकासात या विजेचा वाटा किती मोठा आहे, हे सर्वश्रुत आहे.

या चित्राची दुसरी बाजू जलाशयाच्या काठावर दिसते. खोरे पाण्याखाली गेल्यामुळे जुन्या वाटा बुडाल्या. समोरासमोर दिसणारी दोन गावे एकमेकांपासून दूर गेली. तापोळा, बामणोली या परिसरात लाँच हे केवळ पर्यटनाचे साधन नसून बाजारहाट, शाळा, दवाखाना व लग्नकार्य यांसाठीचे वाहन ठरले. वासोटा किल्ल्याकडे जाणारा पर्यटकही बामणोलीहून लाँचनेच जातो. २०२४ मध्ये मुनावळे येथे जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यानंतर वेगवान पेट्रोल बोटींचीही या परिसरात भर पडली आहे.

अशा ठिकाणी यंत्र बंद पडणे म्हणजे काय, याचा विचार करणे आवश्यक आहे. रस्त्यावर मोटार बंद पडली तर प्रवासी खाली उतरू शकतो. जलाशयाच्या मध्यभागी लाँच बंद पडली आणि त्या वेळी तिच्यात रुग्ण किंवा बाळंतीण असेल, सायंकाळ झाली असेल व वारा सुटला असेल, तर एका सैल झालेल्या तारेचे मोल फार मोठे ठरते. ज्या पाण्याने अवघ्या राज्याला वीज दिली, त्याच पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीला मात्र स्वतःची वीज स्वतःच निर्माण करावी लागते. ती कशी निर्माण होते आणि कोठे खंडित होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

उद्दिष्टे :

१. बोटीच्या यंत्रातील प्रज्वलन व प्रभारण या दोन व्यवस्थांमधील भेद स्पष्ट करणे.
२. या व्यवस्थांमागील भौतिकशास्त्रीय तत्त्व सोप्या भाषेत मांडणे.
३. बिघाडाच्या निदानाचा क्रम व सुरक्षिततेचे नियम नमूद करणे.
४. महाविद्यालयीन अध्यापनात या विषयाचा उपयोग सुचविणे.

१. यंत्रांचे दोन प्रकार :

बोटीवर प्रामुख्याने दोन प्रकारची यंत्रे आढळतात. पहिला प्रकार डिझेल यंत्राचा. माणसे व सामान वाहून नेणाऱ्या मोठ्या लाँचमध्ये ते बोटीच्या आतच बसविलेले असते. दुसरा प्रकार पेट्रोलवर चालणाऱ्या बाह्य यंत्राचा, म्हणजे आऊटबोर्ड मोटारीचा. ती बोटीच्या मागील फळीवर अडकवलेली असते. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत अशा यंत्राला व्यावसायिक यश मिळवून दिले आणि लहान बोटींचे स्वरूप पालटले.

विजेच्या दृष्टीने या दोन प्रकारांत मूलभूत फरक आहे. डिझेल यंत्रात ठिणगीची आवश्यकता नसते. सिलिंडरमधील हवा मूळ घनफळाच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या भागापर्यंत दाबली गेली की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून जुन्या पद्धतीचे डिझेल यंत्र एकदा सुरू झाले की बॅटरी काढून घेतली तरी ते चालू राहते. त्याला वीज लागते ती सुरू होताना आणि दिवे, पंप इत्यादी उपकरणांसाठी. लहान एकसिलिंडरी यंत्र हॅन्डल मारून सुरू करता येते, परंतु अनेक सिलिंडरांचे मोठे यंत्र हाताने फिरविणे शक्य नसते. अशा लाँचवर बॅटरी उतरली तर यंत्र निर्दोष असूनही ते निरुपयोगी होते.

पेट्रोल यंत्राला मात्र प्रत्येक ज्वलनासाठी ठिणगी हवी असते. द्विघाती म्हणजे टू-स्ट्रोक यंत्रात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी पडावी लागते. ठिणगी थांबली की यंत्र त्याच क्षणी थांबते.

२. मूळ तत्त्व :

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तांब्याच्या तारेच्या कुंतलातून, म्हणजेच कॉइलमधून, जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलत असेल तर त्या कुंतलात विभवांतर निर्माण होते. हे विभवांतर दोन गोष्टींवर अवलंबून असते : तारेच्या वेढ्यांची संख्या आणि बलरेषा बदलण्याचा वेग. नुसते बलवान चुंबक जवळ असून उपयोग नाही. बदल झाला पाहिजे आणि तो जलद झाला पाहिजे.

कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॅटचा प्रत्येक जनित्र संच याच तत्त्वावर चालतो. पाण्याच्या जोराने विद्युत चुंबके फिरतात आणि सभोवतालच्या स्थिर कुंतलात वीज निर्माण होते. बोटीच्या आऊटबोर्ड यंत्रात गतिपालक चक्राच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, आतील कडेला कायमची चुंबके बसविलेली असतात व त्यांच्या आत स्थिर कुंतले असतात. दोन्हीकडे चुंबक फिरते आणि तांबे स्थिर राहते. आकारमानात प्रचंड तफावत असली तरी नियम एकच आहे. फरक इतकाच की वीजगृहात फिरण्याचा वेग काटेकोरपणे स्थिर राखला जातो, तर बोटीत तो चालकाच्या हातानुसार सतत बदलतो. बोटीतील प्रभारणाच्या बऱ्याच अडचणी या बदलत्या वेगातूनच उद्भवतात.

३. ठिणगीसाठी उच्च विभवांतर :

सामान्य दाबाच्या कोरड्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडण्यासाठी विजेला सुमारे ३००० व्होल्ट विभवांतर लागते. सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण दाबलेले असल्यामुळे ही गरज कितीतरी वाढते. प्लगच्या दोन टोकांत एक मिलिमीटरच्या आसपासच अंतर असते, तरीही तेथे दहा ते वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक विभवांतर उपलब्ध असावे लागते. बारा व्होल्टची बॅटरी थेट प्लगला जोडून ठिणगी का पडत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

हे उच्च विभवांतर मिळविण्याची जुनी रीत म्हणजे मॅग्नेटो. बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च विभवांतराचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन कुंतले असतात. प्राथमिक कुंतलात जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि दुय्यम कुंतलात बारीक तारेचे हजारो वेढे असतात. चुंबक फिरल्यामुळे प्राथमिक कुंतलात धारा वाहू लागते. ती ऐन भरात असताना ‘पॉइंट’ नावाचे संपर्क उघडतात आणि धारा एकाएकी तुटते. त्यामुळे बलरेषा अत्यंत वेगाने कोसळतात आणि दुय्यम कुंतलात हजारो व्होल्ट निर्माण होतात. पॉइंटजवळ बसविलेला कन्डेन्सर, म्हणजे धारित्र, संपर्क उघडताना तेथेच ठिणगी पडू देत नाही. तो निकामी झाला तर पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी फिकी पडते. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत पॉइंट घासणे व कन्डेन्सर बदलणे ही कामे वारंवार करावी लागत, त्याचे कारण हेच होय.

४. धारित्र प्रज्वलन पद्धती :

पॉइंट हे झिजणारे अंग असल्यामुळे पुढे त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक घटकांनी घेतली. आऊटबोर्ड यंत्रांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या या पद्धतीला कारागीर ‘सीडीआय’ या नावाने ओळखतात. तिचे कार्य चार पायऱ्यांत समजून घेता येते.

पहिली पायरी : गतिपालक चक्राखालील प्रभारण कुंतलात चुंबकाच्या फिरण्यामुळे साधारण २०० ते ३०० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. दुसरी पायरी : ही वीज एका डायोडमधून एकाच दिशेने जाऊन धारित्रात साठते. तिसरी पायरी : पिस्टन योग्य जागी आला की सूचक कुंतलात, म्हणजे पल्सर कॉइलमध्ये, एक लहानसा विद्युत स्पंद निर्माण होतो. तो थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक कळीला मिळताच ती उघडते. चौथी पायरी : धारित्रातील सर्व ऊर्जा क्षणार्धात प्रज्वलन कुंतलाच्या प्राथमिक वेढ्यांतून वाहते आणि दुय्यम वेढ्यांतून प्लगकडे उच्च विभवांतर जाते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. धारित्राची धारकता एक मायक्रोफॅरड आणि विभवांतर ३०० व्होल्ट धरल्यास साठलेली ऊर्जा ०.०४५ ज्यूल, म्हणजे ४५ मिलिज्यूल इतकी येते. प्रज्वलन कुंतलाच्या वेढ्यांचे गुणोत्तर १ : १०० असेल तर सैद्धांतिकदृष्ट्या ३०,००० व्होल्ट मिळतात. ऊर्जा अल्प आहे, पण ती अत्यंत कमी वेळात व योग्य क्षणी मिळते. यंत्र मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एका फेऱ्याला केवळ २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे चक्र २० अंश फिरण्यास जेमतेम १.१ मिलिसेकंद लागतो. ठिणगीच्या वेळेत एवढी चूक झाली तरी यंत्राची शक्ती घटते किंवा ते ठोके देऊ लागते.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या यंत्रात ऊर्जा प्रभारण कुंतलातून येते, तेथे ठिणगीला बॅटरी लागत नाही. बॅटरी पूर्ण उतरली असली तरी दोरी ओढून यंत्र सुरू करता येते. मात्र दोरी सावकाश ओढली तर बलरेषा बदलण्याचा वेग कमी पडतो, विभवांतर घटते आणि ठिणगी क्षीण होते. दोरी एका दमात ओढावी, हा जाणत्या चालकाचा सल्ला म्हणजे फॅरेडेच्या नियमाचेच व्यावहारिक रूप आहे. याउलट, बॅटरीवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था आणि संगणकीय नियंत्रणाची बहुतेक मोठी आधुनिक यंत्रे बॅटरीवाचून चालू शकत नाहीत. आपली बोट यांपैकी कोणत्या गटात मोडते, हे चालकाला निघण्यापूर्वीच ठाऊक असणे अगत्याचे आहे.

५. यंत्र बंद करणारी कळ :

घरातील दिव्याची कळ बंद करणे म्हणजे विद्युत मंडल तोडणे होय. मॅग्नेटोवर आधारित यंत्रात नेमके उलट घडते. तेथे कळ दाबली की प्रज्वलनाची वीज यंत्राच्या धातूच्या अंगाशी जोडली जाते. ती जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे, वळते आणि ठिणगी थांबते. या उलट मांडणीचे दोन परिणाम होतात. बंद करण्याच्या तारेचे आवरण घासून ती धातूला टेकली तर यंत्र विनाकारण बंद पडते. तीच तार मध्येच तुटली तर कळ दाबूनही यंत्र बंद होत नाही. पहिला बिघाड त्रासदायक आहे, तर दुसरा धोकादायक.

या कळीला जोडलेली सुरक्षा दोरी चालकाने मनगटाला किंवा जॅकेटला अडकविणे अपेक्षित असते. चालक पाण्यात पडला तर दोरी निसटते, कळ कार्यान्वित होते आणि यंत्र थांबते. ती न अडकविल्यास चालकाविना बोट वर्तुळाकार फिरत राहते आणि तिचा पंखा पाण्यातील माणसावर येऊ शकतो. ही साधी दोरी म्हणजे प्रज्वलन व्यवस्थेचाच एक भाग आहे, हे विसरता कामा नये.

६. प्रभारण व्यवस्था :

आऊटबोर्ड यंत्रात गतिपालक चक्राखाली प्रकाश व बॅटरीसाठी वेगळी कुंतले असतात. त्यांतून निघणारी वीज प्रत्यावर्ती असते, तर बॅटरीला दिष्ट वीज लागते. म्हणून मध्ये डायोडांचा एकदिशकारक बसविला जातो. चुंबके कायमची असल्यामुळे त्यांचे बल कमी-अधिक करता येत नाही. यंत्राचा वेग वाढला की विभवांतर वाढतच जाते. ते मर्यादेत ठेवण्याचे काम नियंत्रक म्हणजे रेग्युलेटर करतो. अनेक यंत्रांत तो जादा वीज कुंतलाकडेच लघुमंडलाने वळवितो आणि ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. त्यामुळे नियंत्रकाच्या पत्र्याला हवा लागणे आवश्यक असते.

डिझेल लाँचवर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर असतो. त्यातील चुंबक कायमचे नसून विद्युत चुंबक असते. नियंत्रक त्याला मिळणारी धारा कमी-अधिक करून बाहेर पडणारे विभवांतर साधारण १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. चावी फिरविल्यावर पेटणारा लाल दिवा अनेक अल्टरनेटरांत ही प्रारंभिक धारा पुरवितो. यंत्र सुरू झाल्यावर तो विझला नाही, तर प्रभारण होत नाही असे समजावे. मोठ्या लाँचवर बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केलेली असते. तेथे सर्व आकडे दुप्पट धरावेत.

यंत्र चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. बॅटरी ही केवळ साठवण नसून विभवांतराच्या चढउतारांना आवर घालणारी उशीही आहे. ती एकाएकी दूर झाली तर विभवांतर उसळते आणि एकदिशकारकातील डायोड जळतात. तारा उलट जोडल्या तरीही हाच परिणाम होतो.

७. बॅटरीचा हिशोब :

यंत्र सुरू करताना ‘सेल्फ’ मोटार फार मोठी धारा घेते, त्यामुळे त्यातच बॅटरी उतरते असा समज आढळतो. तो गणिताने तपासून पाहता येईल. मोटारीने २०० अँपिअर धारा ५ सेकंद घेतली तर खर्च १००० अँपिअर-सेकंद, म्हणजे केवळ ०.२८ अँपिअर-तास इतका होतो. अल्टरनेटर १० अँपिअर देत असेल तर हा खर्च दोन-तीन मिनिटांत भरून निघतो.

खरी गळती अन्यत्र असते. यंत्र बंद ठेवून ६० वॅटचा दिवा लावल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ अँपिअर धारा जाते. पाणी उपसणारा पंप आणखी ३ अँपिअर घेत असेल तर सहा तासांत ४८ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी यामुळे जवळजवळ निम्मी रिकामी होते. म्हणून यंत्र सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि दिवे-पंपांची वेगळी ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा विमा होय.

वापर नसतानाही शिशाची बॅटरी हळूहळू उतरत असते. उतरलेल्या स्थितीत ती दीर्घकाळ राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. पावसाळ्यात वासोट्याकडील पर्यटन बंद असते. त्या काळात काठावर पडून राहणाऱ्या बॅटऱ्या अधूनमधून प्रभारित न केल्यास हंगामाच्या आरंभीच त्या दगा देतात.

याच्या नेमकी उलट स्थिती नदीच्या खालच्या भागात आढळते. कोयना पाटणवरून वाहत जाऊन कराड येथे कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णा सांगलीकडे जाते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांत सांगली परिसरात आऊटबोर्ड यंत्रांच्या बोटींनी अनेकांना बाहेर काढावे लागले. अशा बोटी वर्षातील बहुतांश काळ गोदामात असतात आणि जुलै-ऑगस्टमधील एखाद्या रात्री त्या पहिल्याच ओढीला सुरू व्हाव्यात अशी अपेक्षा असते. ज्या यंत्रावर जीव अवलंबून आहेत, ते पूर येण्यापूर्वीच दरमहा सुरू करून पाहणे हे शिस्तीचे काम आहे.

८. बिघाडाचे निदान :

पाण्यावर असताना घाईने सर्व भाग उघडण्यापेक्षा पुढील क्रम पाळणे हितावह ठरते.

१. ‘सेल्फ’ फिरतो की नाही ते पाहावे. फिरत नसल्यास दोष बॅटरी, तिची टोके किंवा जाड तारा यांत असण्याची शक्यता अधिक. टोकांवरील पांढरा-हिरवा थर हे नेहमीचे कारण असते.
२. विश्रांतीच्या स्थितीत बॅटरीचे विभवांतर मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे बहुतांशी उतरलेली समजावी.
३. यंत्र चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाल्यास प्रभारण योग्य आहे. विभवांतर वाढतच नसेल तर पट्टा, कुंतल किंवा एकदिशकारक तपासावा. ते १५ च्या वर जात असेल तर नियंत्रक सदोष आहे.
४. पेट्रोल यंत्र फिरते पण पेटत नाही, अशा वेळी प्रथम सुरक्षा दोरी व बंद करण्याची कळ जागेवर आहे का ते पाहावे. त्यानंतर प्लग काढून त्याचे धातूचे अंग यंत्राच्या धातूला घट्ट टेकवून ठिणगी पाहावी. टेकविल्याशिवाय यंत्र फिरविल्यास विजेला वाट मिळत नाही आणि सीडीआय किंवा कुंतल खराब होऊ शकते.
५. प्लगचे टोक तपकिरी असेल तर ज्वलन योग्य आहे. काळे व ओले असेल तर ठिणगी क्षीण किंवा इंधन अधिक आहे. पांढुरके असेल तर यंत्र प्रमाणाबाहेर तापत आहे.

कोयनानगर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्याइतका गंज येथे चढत नसला तरी दमटपणा हा प्रज्वलनाचा मोठा शत्रू आहे. प्लगच्या तारेवरील ओलावा व सूक्ष्म भेगा यांतून उच्च विभवांतराची वीज बाहेर निसटते. अंधारात यंत्र चालू असताना तारेवर निळसर चमक दिसल्यास ती तार बदलावी.

९. सुरक्षितता :

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. मोटारगाडीत ती जमिनीकडे निघून जाते, परंतु बोटीचा तळ हा बंद भांड्यासारखा असतो. म्हणून यंत्र आत बसविलेल्या पेट्रोल बोटीत पंख्याने हवा खेळविल्याशिवाय चावी फिरवू नये. याच कारणास्तव अशा बोटीत मोटारगाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसविणे अयोग्य आहे. बोटीसाठी बनविलेल्या भागांची रचना अशी असते की आतील ठिणगीमुळे बाहेरची वाफ पेट घेऊ नये. दिसण्यात सारखा आणि किमतीने स्वस्त भाग येथे प्राणघातक ठरू शकतो.

प्रभारणाच्या वेळी शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने वर साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपर्यंत पोहोचले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणजे पेट्रोलच्या वाफेसाठी तळाशी, तर हायड्रोजनसाठी वरच्या बाजूस हवेची वाट असावी लागते. ठिणगीची तपासणीदेखील आसपास वाफ नाही याची खात्री करूनच करावी.

१०. अध्यापनातील उपयोग :

विद्युत चुंबकीय प्रवर्तन हा घटक पदवी स्तरावर बहुधा सूत्रांच्या आधारे शिकविला जातो. कारागिराकडील निकामी झालेला स्टेटर, एक गतिपालक चक्र आणि ऑसिलोस्कोप एवढ्या साहित्यावर वेग व विभवांतर यांचा संबंध प्रत्यक्ष दाखविता येईल. डायोड, धारित्र व थायरिस्टर हे इलेक्ट्रॉनिक्सचे घटक सीडीआयच्या एकाच पेटीत एकत्र भेटतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बॅटरीतील सल्फेटचा, भूगोलाच्या विद्यार्थ्यांना जलाशय व दळणवळण यांचा अभ्यास करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत काठावरील गावांमधील बॅटऱ्या व तारा यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी हा उपक्रम सहज समाविष्ट होऊ शकतो. या परिसरातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरचा संबंध या ना त्या प्रकारे धरणाशी, विस्थापनाशी किंवा लाँचशी येतो. त्यांच्यासाठी फॅरेडेचा नियम हा परक्या देशातील प्रयोगशाळेचा विषय राहत नाही.

निष्कर्ष :

१. प्रज्वलन व प्रभारण या दोन व्यवस्थांचा उगम अनेकदा एकाच फिरत्या चुंबकात असला तरी त्यांचे कार्य व दोष स्वतंत्र आहेत.
२. मॅग्नेटोवर आधारित यंत्र बॅटरीवाचून चालू शकते आणि जुन्या पद्धतीचे डिझेल यंत्र बॅटरीवाचून चालू राहू शकते. बॅटरी प्रज्वलनाचे यंत्र मात्र तसे चालू शकत नाही. हा भेद चालकास माहीत असणे हे निदानाचे पहिले पाऊल होय.
३. बॅटरी उतरण्याचे मुख्य कारण यंत्र सुरू करणे हे नसून यंत्र बंद असताना होणारा वापर व दीर्घकाळची निष्क्रियता हे आहे.
४. बोटीसाठीच बनविलेले भाग वापरणे, हवा खेळती ठेवणे आणि सुरक्षा दोरी अडकविणे या गोष्टी ऐच्छिक मानता येणार नाहीत.

कोयनेच्या वीजगृहांत प्रशिक्षित अभियंत्यांची दक्षता अहोरात्र असते. त्याच नियमावर चालणाऱ्या लाँचच्या लहानशा यंत्रामागे बहुधा एकटा चालक असतो. त्याच्यापर्यंत हे ज्ञान त्याच्याच भाषेत पोहोचविणे, ही परिसरातील शिक्षणसंस्थांची जबाबदारी ठरते.